धवलारणीची वही

'धवलारीण' या शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला, की हल्ली मी लगेच उत्तर देत नाही. पूर्वी देत असे. मी मराठीचा शिक्षक. शब्द उकलून दाखवण्याची सवय अंगात मुरलेली. धवल म्हणजे पांढरा, उजळ, मंगल. लग्नात गायच्या मंगल गीतांना धवळे म्हणण्याची रीत मराठीत फार जुनी. आणि आगरी-कोळ्यांच्या लग्नांत हे धवळे गाऊन विधी पार पाडणारी वडीलधारी बाई, ती धवलारीण. वर्गात एवढं सांगून झालं की मी आणखी एक गोष्ट सांगत असे, जिचा मला थोडा अभिमान होता. सोनारीण, सुतारीण, कुंभारीण हे शब्द बहुधा नवऱ्याच्या धंद्यावरून पडतात. धवलारणीच्या मागे मात्र कुणी धवलार उभा नसतो. म्हातारी हा शब्द वय देतो, आजी हा शब्द नातं देतो, मातोश्री हा शब्द पुष्कळदा मुलाचा मोठेपणा देतो. धवलारीण हा शब्द त्या बाईनं आपल्या कामानं मिळवलेला असतो.

हे सगळं आजही बरोबरच आहे. पण ज्या बाईंमुळे मला हा शब्द कळला, त्यांच्या बाबतीत मी जे वागलो, त्यानंतर हे बरोबर उत्तर माझ्या तोंडी शोभत नाही.

घणसोली गावात त्या माझ्या घरमालकीण होत्या. मी साताऱ्याकडून नुकताच नोकरीला आलो होतो, तिशीही गाठली नव्हती. गावठाणात एकाला एक चिकटून घरं आणि प्रत्येक घरावर भाडेकरूंसाठी चढवलेला मजला. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. त्या ओट्यावर बसून बोटानं मिश्री लावत होत्या. गुडघ्याशी कसलेलं लुगडं, कपाळ मोकळं, आणि नजर अशी, की समोरच्यानं आपोआप चपला काढाव्यात. मी डिपॉझिटविषयी विचारणार होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"आयचा नाव काय तुझे?"

मी आईचं नाव सांगितलं.

"तिचे सासूचा?"

आजीचं सांगितलं.

"आन् तिचे सासूचा?"

पणजोबांचं नाव मला येत होतं, खापरपणजोबांचंही येत होतं. पणजीचं येत नव्हतं.

"मंग तू कोनाचा?" त्या म्हणाल्या. "जा, इचारून ये. खोली काय पलत नाय."

मला वाटलं, म्हाताऱ्या बाईंची थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. मी गावी आईला पत्र टाकलं. आईनं एका चुलत आत्याला विचारलं. आठ-दहा दिवस मी एका सहकाऱ्याच्या खोलीवर पथारी टाकून काढले. उत्तर आल्यावर पुन्हा त्या ओट्यावर गेलो आणि पणजीचं नाव सांगितलं. त्यांनी ते तीनदा पुटपुटलं, जणू तोंडात ठेवून चव बघितली, आणि कनवटीची किल्ली काढून दिली. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मी खोलीत काय शिजवतो तेही विचारलं नाही.

त्या सगळ्यांना 'तू' म्हणत. नवरदेवाला, नगरसेवकाला, गावदेवीलासुद्धा. गावठाणाभोवती जे टॉवर उभे राहिले होते, त्यांची नावं त्यांनी कधी उच्चारली नाहीत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्यांच्याही गेल्या. पण त्यांच्या लेखी जमिनी होत्या तिथंच होत्या. एकदा पार्सल घेऊन आलेल्या एका मुलानं त्यांना पत्ता विचारला. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "मोठे खाचराचे तिसरे माल्यावर जा." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बी विंग." त्या माझ्यावर रागावल्या. "इंग तुझी. आमचा खाचर हाय तो. मी लावनी केलेली हाय थं."

गावात त्यांच्याशिवाय हळद लागत नसे. माझ्या गावाकडे विधवा बाई हळदीच्या पाटाच्या जवळपास फिरकत नसे. घरात कार्य निघालं की माझी एक काकू आपण होऊन माळ्यावर जाऊन बसायची. इथं या बाई, विशीच्या आत कुंकू गेलेल्या, सगळ्यांच्या पुढे चालत येत, तांदळाच्या पिठानं चौक भरत, पाट मांडत, आणि मग डोळे मिटून धवळे धरत. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्यातलं काहीतरी आपल्या जागेवरून हललं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांच्या धवळ्यांत देव येत, गावदेवी येई, आणि मग त्या त्या घरातले गेलेले लोक येत. विशेषतः बाया. घरातली प्रत्येक मेलेली सासू, जाऊ, लेक, माहेरी येऊन वारलेली बहीण, नाव घेऊन हळदीला बोलावली जाई. "ये गो बाय, हलदीला ये." शंभरावर घरं असतील गावात, प्रत्येक घराची नावं त्यांना पाठ होती, आणि क्रमही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढी नावं लक्षात कशाला ठेवायची?"

"बाप्यांची नावां सातबाऱ्यावर हायत," त्या म्हणाल्या. "जमीन गेली तरी कागुद रायला. बायांची कुठं हायत? माझे तोंडान हायत."

धवळ्याचे दोन नियम होते आणि ते कुणीही मोडत नसे. धवलारीण गात असताना तिला अडवायचं नाही. घरचा कर्ता असला तरी नाही. आणि धवळा मागं फिरत नाही. एकदा एका नावावरून पुढं गेला की गेला. राहिलेलं नाव त्या घरच्या पुढच्या लग्नापर्यंत राहिलं.

एका हळदीला नवरदेवाच्या मित्रांनी डीजे आणला होता. त्या पाटापाशी बसून राहिल्या, तोंड उघडेनात. सगळे घायकुतीला आले. शेवटी त्या उठल्या, डीजेवाल्या पोरापाशी गेल्या आणि त्याच्या कानाशी ओरडल्या, "तुझे आजीचा नाव काय?" त्यानं गडबडून सांगितलं. "दिवा गावची ती? घाऱ्या डोल्यांची? तिचे लग्नान मी धवले बोलले. तवा तुझा ह्यो डबा नव्हता. तरी तुझा बाप झाला ना?" मांडव हसून लोटपोट झाला. पोरानं स्वतःच्या हातानं वायर काढली.

एका मंडळानं त्यांचा सत्कार केला तेव्हा मीही हजर होतो. सूत्रसंचालकानं त्यांना ज्येष्ठ लोककलावंत म्हटलं. शाल अंगावर पडल्यावर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपासून हातभर लांब उभं राहून म्हणाल्या, "मी कलावंत नाय. मी काम करते," आणि नारळ घेऊन खाली उतरल्या. येताना रस्त्यात मी त्यांना धवलारीण शब्दाची माझी व्युत्पत्ती सांगितली. धवल म्हणजे स्वच्छ, शुभ्र, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्या कोनी सांगितला?"

"शब्दकोशात आहे, मावशी."

"असंल," त्या म्हणाल्या. "त्याला लगीन लावाला बोलवा."

पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, कामोठ्याला फ्लॅट घेतला. घणसोली सुटली, पण सणावारी मी त्यांच्याकडे जात राहिलो.

मग त्यांचा आवाज गेला. बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर झाले, काढे झाले, घशातून नुसती खरखर येई. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दाराआड त्यांची सून उभी होती. सातवीपर्यंत शिकलेली, गळा चांगला, चाली सगळ्या उचललेल्या. नावं मात्र तिला आपल्या आळीपुरतीच येत होती.

"लिव," मावशी म्हणाल्या. "तुझा अक्षार चांगला हाय."

मी एक जाड रजिस्टर आणलं. कितीतरी रविवारी सकाळी कामोठ्याहून येऊन मी त्या ओट्यावर बसलो. त्या डोळे मिटून एकेक घर सांगत आणि मी लिहीत असे. प्रत्येक घराला नवं पान, वर घराचं नाव, खाली क्रमानं माणसं. मी वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "कशाला? तुझा हात चालला ता मी बघितला." माझ्यावर इतका विश्वास माझ्या वरिष्ठांनीही कधी टाकला नव्हता.

असंच एका रविवारी खाडीकडच्या टोकाचं घर आलं. त्या घरातल्या गुलाबविषयी मला माहीत होतं, कारण सगळ्या गावठाणाला माहीत होतं. मी भाडेकरू म्हणून येण्याच्या थोडं आधीची गोष्ट. गुलाब नवऱ्याकडून मार खाऊन माहेरी आली. बापानं परत धाडली. ती परत आली. आणि शेवटी दिघ्यातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या, परगावच्या, परजातीच्या माणसाबरोबर राहायला गेली. तिथंच बाळंतपणात वारली. मूलही गेलं. बापानं घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं बजावलं, आणि बाप गेल्यावर तिच्या भावानं ते पुढे चालवलं. घरात फोटो नव्हता. गुलाबची आई त्याच घरात राहत होती. तिच्या कानावर आपल्या लेकीचं नाव पडायला जगात एकच जागा उरली होती: घरच्या लग्नातला धवळा. तिथं बापालाही धवलारणीला अडवता येत नव्हतं, भावालाही नव्हतं.

हे शेवटचं मला तेव्हा कळलं नव्हतं. कळून घेण्याची मी तसदी घेतली नव्हती, असं म्हणणं अधिक खरं.

त्या दिवशी मावशींनी आजेसासूचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं, नुकत्याच वारलेल्या कर्त्याचं, म्हणजे गुलाबच्या बापाचं सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "गुलाब." माझं पेन थांबलं. मला वाटलं, लग्नाच्या वहीत हे नाव कशाला? घरच्यांना नकोसं असलेलं, मंगल कार्यात अमंगल आठवण आणणारं. वही पुढे छापायचं माझ्या मनात घोळत होतं. पुस्तकात हे कसं दिसेल, असाही विचार आला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मावशी डोळे उघडून माझ्या हाताकडे बघत होत्या. मी पेन हलवलं, पण कागदाला टेकवलं नाही. हवेत एक नाव लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

मी आयुष्यात खोटं फार थोड्या वेळा बोललो असेन. हे खोटं मी न बोलताच केलं, आणि म्हणूनच बहुधा ते इतकं सोपं गेलं.

पुढल्या वर्षी त्याच घरात लग्न निघालं. गुलाबच्या भावाचा थोरला मुलगा. मलाही आमंत्रण होतं. मांडवात उंबराची फांदी उभी होती, चौक भरलेला होता, गुलाबची आई जात्यावर हळद दळत होती. सुनेनं मांडीवर वही उघडून धवळे धरले. मावशी तिच्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. देव झाले, गावदेवी झाली, आजेसासू, सासू, कर्ता, आणि मग एकदम धाकट्या जावेचं नाव आलं.

जातं थांबलं. मावशींनी हात वर केला. धवळा कधी कुणी थांबवत नाही. तो दिवस पहिलाच.

"एक रायला," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

सून गोंधळली. तिनं पानावर बोट फिरवलं. "आये, वहीन एवढांच हाय."

"बघ."

"बघतंय ना. नाय हाय."

मांडवातल्या माना वळल्या. मी पुरुषांच्या बाजूला, पुढच्याच खुर्चीवर होतो. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. त्या नुसत्या बघत होत्या, आणि मला दिसत होतं की ओट्यावरची ती सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक पाऊल टाकत चालली आहे. माझा हात, माझं पेन, सगळं. मी मान खाली घातली.

मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, घशाला त्रास देत म्हणाल्या, "मीच नाय सांगितला. मी इसरले."

कुणीतरी हळहळलं. कुणीतरी म्हणालं, "वय झाला म्हातारीचा." धवळा पुढे गेला होता, तो मागं फिरणार नव्हता. गुलाबच्या आईनं थोड्या वेळानं पुन्हा जातं ओढायला सुरुवात केली. मी जेवून घरी आलो. होय, जेवलो.

त्यांनी मला वाचवलं, हे मला तिथंच समजलं होतं. भाडेकरू म्हणून आलेल्या, शिकलेल्या, परगावच्या माणसानं आपल्या घरातलं एक माणूस पुसलं, हे त्या मांडवात उघड झालं असतं तर मला त्या गावात पुन्हा पाय टाकता आला नसता. त्यांनी ते आपल्यावर घेतलं. पण जे दिलं ते काय होतं, हे समजायला मला वेळ लागला. त्यांचा सगळा मान त्यांच्या आठवणीवर उभा होता. धवलारीण विसरली, असं धवलारणीनं स्वतः मांडवात सांगितल्यावर मागे काय उरतं?

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "मावशी, मी सगळ्यांना खरं सांगतो."

त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मांडवान बोललेला खोटा पाडू नको."

मला हवी होती तेवढीच परवानगी मी त्यातून घेतली. त्यांची आज्ञा मोडायची नाही, असं स्वतःला समजावत गप्प बसलो. या गप्प बसण्याला मी बरीच चांगली नावं दिली होती.

पुढची काही वर्षं मी लांबून बघत राहिलो. "म्हातारीचा डोका गेला," असं लोक म्हणू लागले. तिच्या वहीत चुका आहेत, अशी बोलवा झाली. एका घरानं सुनेला बोलावणं टाळलं, मग दुसऱ्यानं. हॉल घेऊन, रेकॉर्डवर गाणी लावून हळदी उरकायला आधीच निमित्त हवं होतं, ते मिळालं. सून मला एकदा रस्त्यात भेटली. म्हणाली, "सर, माणसं मना इचारतात, सासू बरी आसताना लिवला का नंतर? मी काय सांगू?" मी म्हटलं, "बरी असतानाच." आणि बस पकडली. मावशींचं चालणं बंद झालं, मग त्यांनी खाट धरली. त्यांच्याकडे जाण्याचं मी कमी करत गेलो.

गेल्या वर्षी त्या खाडीकडच्या घरातून पुन्हा पत्रिका आली. भावाचा धाकटा मुलगा. हळद ऐरोलीच्या हॉलमध्ये, वेळ संध्याकाळची, डीजे. मी अभिनंदनाला फोन केला आणि सहज म्हणून विचारलं, "धवळे कधी आहेत?"

"नाय सर यंदा," भाऊ म्हणाला. "म्हातारी विसरते, वहीत पण घोळ आहे. मागल्या टायमाला बघितलंत ना? परत तमाशा नको. रेकॉर्ड लावू, टेन्शनच नाही."

मी फोन ठेवला. गुलाबच्या आईनं ऐंशी ओलांडली होती. त्या घरात आता लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे ते नाव तिच्या कानावर पुन्हा कधीच पडणार नव्हतं, आणि त्याचं कारण सांगता येणारी दोनच माणसं होती. त्यातल्या एकीनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घणसोलीला गेलो. भाऊ ओट्यावर पत्रिकांवर नावं टाकत होता. आत उंबऱ्याशी गुलाबची आई सुपात सुकट निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. मावशींनी नाव सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

त्याचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग? आमच्या घरातलं नाव गाळायचं तर आम्ही गाळू. तुम्ही कोण, सर? तुमी कोण आमच्या घरात कोण हाय नि कोण नाय ते ठरवनार?"

रागानं त्याची बोली घरची झाली होती. तो बरोबर होता. आतून सुकटीचं सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला. गुलाबची आई भिंत धरत उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

"बापानं गालला तवा मी गप रायले," ती मुलाला म्हणाली. "तू गालला तवाबी गप रायले. मास्तरला कशाला बोलतंस? त्यानं तुझाच काम केला."

"आये, तू आत जा."

"नाय जात." मग ती अशा स्वरात बोलली, की मुलगा पत्रिका हातातच धरून राहिला. "हलद आपले दारान लागंल. धवले होतील. नायतर मी हॉलवर येत नाय."

मुलानं हातातली पत्रिका खाली ठेवली आणि "बरं" एवढंच म्हणाला. मी जायला वळलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"मास्तर, ह्या तुमी मना सांगितलाव. मना सांगून काय? धवलारीण मांडवान बोलली होती. तुमीबी मांडवान बोला."

हळदीच्या दिवशी दुपारी मी त्या मांडवात बोललो. चौक भरून झाला होता, सून वही घेऊन बसली होती. मी कागदावर काही वाक्यं नीट लिहून नेली होती. ती वाचलीच नाहीत. एवढंच म्हणालो, की मागच्या लग्नात राहिलेलं नाव धवलारीण मावशी विसरल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं होतं, मी लिहिलं नव्हतं. वहीतली बाकीची सगळी नावं त्यांनी सांगितली तशीच आहेत. जी खोट आहे ती माझ्या हातात आहे, त्यांच्या आठवणीत नाही.

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तवा का नाय बोललाव?"

"घाबरलो," मी म्हटलं.

बायांच्या बाजूला कुजबुज झाली, एकीनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. सून वहीवरून मान वर करून म्हणाली, "सर, बाजूला व्हा, चौकावर पाय परंल." मी बाजूला झालो. तिनं वही मिटली, मांडीखाली सारली, आणि न बघता धवळे धरले. देव झाले, गावदेवी झाली, आजेसासू, सासू, कर्ता. मग ते नाव आलं. गुलाबची आई हळद दळत होती. तिनं जातं थांबवलं नाही; उलट थोडं जोरात ओढलं. तिच्या मुलानं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली.

हळद लागल्यावर मी तिथं थांबलो नाही. दोन गल्ल्या ओलांडून मावशींच्या घरी गेलो. खाट खिडकीशी होती. त्या इतक्या आटल्या होत्या की चादरीखाली कुणी आहे हे क्षणभर कळलं नाही. डोळे मात्र उघडे होते.

"आला?" त्यांनी विचारलं. मी आलो का असं त्या विचारत नव्हत्या.

"आलं, मावशी."

"कोनाचे मागारी?"

"बापाच्या नंतर. धाकट्या जावेच्या आधी."

त्यांनी मान हलवली. मग मी काय केलं ते सांगितलं. मांडवात काय बोललो, तेही.

"माझा शबूद पाडलास," त्या म्हणाल्या.

"हो."

मी खाटेशेजारी खाली बसलो. क्षमा मागायची होती. त्या शब्दाला त्यांच्या बोलीत काय म्हणतात हे मला इतक्या वर्षांत माहीत करून घेता आलं नव्हतं. बाहेरून हळदीच्या घरचा गलबला ऐकू येत होता. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हातात वजन असं उरलं नव्हतं.

"म्हन," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काय?"

"तिचा नाव. तू म्हन. तुझे तोंडातून मना आयकाचा हाय."

तोवर मी ते नाव एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं. मांडवातसुद्धा 'राहिलेलं नाव' एवढंच म्हणालो होतो. आता म्हटलं, "गुलाब."

"हजेरी घेतंस का?" त्या म्हणाल्या. "लावून म्हन. बोलवाचा हाय तिला."

धवळे पुरुष गात नाहीत. माझा गळाही गाण्याचा नाही. मी दाराकडे बघितलं. सून अजून आली नव्हती. मी डोळे मिटले आणि जमेल तसा सूर लावला. गुलाब गो बाय, हलदीला ये. आवाज मध्येच फाटला.

"आजून," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं. डोळे उघडले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते; आवाज नव्हता, पण ते माझ्या किंचित पुढं होते, आणि मी त्यांच्या मागून जात होतो.